विहिरीभोवतीचे तीन आर

सात-वीस. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या रानाचा आकडा आजोबा एवढाच सांगायचे. पुढे एकर नाही, गुंठे नाहीत. ऐकणाऱ्यालाही त्याची गरज नसे. सात एकर वीस गुंठे, म्हणजे साडेसात एकर. लहानपणी मला वाटायचं की ‘सात-वीस’ हे त्या रानाचं नावच आहे, जसं पलीकडच्या रानाला सगळे ‘चिंचेची पट्टी’ म्हणत.

गेल्या वर्षी वाटणीची बोलणी निघाली आणि तात्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा, फोन आला. “तू शाळेत गणित शिकवतीस. हिशेबाला तूच बस.” वडील तीन भावांत मधले. ते गेल्यावर त्यांच्या हिश्शावर आई, भाऊ आणि माझं नाव लागलं. थोरले तात्या, धाकटे काका आणि आम्ही, असे तीन वाटे. आत्याने पंधरा-वीस वर्षांपूर्वीच हक्कसोडपत्रावर सही केली होती. तिच्याकडे मी नंतर येते.

मोबाइलवर सातबारा काढला. क्षेत्र: ३.०३.००. म्हणजे तीन हेक्टर तीन आर शून्य चौरस मीटर; आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग. मी कॅल्क्युलेटर काढला, एका एकराचे ०.४०४७ हेक्टर म्हणून ७.२० ला ०.४०४७ ने गुणलं आणि उत्तर आलं २.९१. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “सातबाऱ्यावर बारा आर जास्त दिसतायत.”

ओसरीवर कुणी काही बोललं नाही. तात्यांनी फक्त पूर्वेच्या बांधाकडे पाहिलं. त्या बांधावरून आजोबांच्या काळात शेजाऱ्यांशी मोठं भांडण झालं होतं, दोन पिढ्या त्या घरी जाणं-येणं नव्हतं, आणि आत्ता कुठे लग्नाच्या पत्रिका पुन्हा सुरू झाल्या होत्या. बारा आर त्यांचे तर आपल्याकडे आले नसतील ना, हा प्रश्न कुणी विचारला नाही, पण जेवताना तो ताटाशेजारीच बसला होता. मला रात्रभर झोप नाही. पहाटे कधीतरी लक्षात आलं. सात-वीसमधली ती रेघ दशांशचिन्ह नव्हे. एकराचे गुंठे चाळीस. सात-वीस म्हणजे ७.५. साडेसात एकरांचे होतात ३.०३ हेक्टर आणि वर थोडं. सातबारा बरोबर होता. तीन तास वीस मिनिटं म्हणजे ३.२० तास नव्हेत, हे मी दरवर्षी सातवीच्या मुलांना शिकवते. स्वतःच्या रानाशी आल्यावर मला ते सुचलं नाही. सकाळी सगळ्यांना बसवून चूक सांगितली, तात्यांची माफी मागितली. एका चुकीच्या टिंबाने मी दोन घरांमध्ये एक रात्र संशय पेरून ठेवला होता, ही गोष्ट अजून मनातून जात नाही.

त्यानंतर ठरवलं की आधी ही मापं नीट समजून घ्यायची आणि मगच कुणाच्या वाटणीला हात लावायचा.

गुंठ्यापासून सुरुवात केली, कारण तोच आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद असा चौकोन म्हणजे गुंठा. १,०८९ चौरस फूट. हा ३३ चा आकडा आला साखळीतून. १६२० च्या सुमारास एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने ६६ फुटांची, शंभर कड्यांची मोजणीची साखळी रूढ केली. एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब असा पट्टा म्हणजे एकर, ४३,५६० चौरस फूट. मुंबई इलाख्याच्या मोजणीत त्याच्या निम्म्या लांबीची, ३३ फुटी साखळी चालली, आणि तिचे भाग पाडले सोळा. त्या भागांना नाव दिलं आणे. रुपयाचे सोळा आणे तसे साखळीचे सोळा आणे, गुंठ्याचेही सोळा आणे. जुन्या कागदांत ‘एकर-गुंठे-आणे’ असं क्षेत्र दिसतं ते यामुळे. एक आणा जमीन म्हणजे साखळीएवढी लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद पट्टी, अडुसष्ट चौरस फूट. बाजेएवढ्या रुंदीची ती पट्टीसुद्धा लोकांनी लिहून ठेवली. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणे खिशातून गेले, पण ‘रानात माझा चार आणे हिस्सा’ हे बोलणं आमच्याकडे अजून चालू आहे.

या साखळीचा आमच्या तालुक्याशी जवळचा संबंध आहे, आणि हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं याचं वाईट वाटतं. इंग्रजी अमल आल्यावर पुण्याच्या परिसरात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली पहिली आकारणी फसली. सारा डोईजड झाला, कुणबी गावं सोडून गेले, रानं पडीक पडली. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने मोजणी सुरू केली ती इंदापूर तालुक्यापासून. प्रत्येक शेताला नंबर, जमिनीची प्रतबंदी, म्हणजे कसानुसार प्रती लावणं, तीस वर्षं न वाढणारा सारा. पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याची जी रयतवारी पद्धत पक्की झाली, तिची पहिली पावलं आमच्या बरड माळावर पडली होती. आणि एक नंबर किती मोठा करायचा हे ठरवताना त्यांनी पाहिलं काय, तर एका बैलजोडीला किती रान कसता येईल. हलक्या रानात नंबर मोठा, भारी रानात लहान.

हे वाचलं तेव्हा आजी आठवली. तिला एकर कळत होता, पण ती तो वापरत नसे. अमक्याच्या घरची शेती किती, तर “दोन आउतांची.” सोयरीक बघायला आलेल्या माणसालाही तेवढं पुरे. दोन आउतं म्हणजे चार बैल, म्हणजे चाऱ्याची सोय, म्हणजे गडी, म्हणजे पोरगी उपाशी राहायची नाही. गंमत वाटली ती पुढे. इंग्रजांचा एकरही मुळात तोच होता. बैलांच्या जोडीने दिवसभरात नांगरून होईल एवढी जमीन तो एकर. ६६० फूट लांबी ही नांगराच्या एका दमाच्या तासाची लांबी. कचेरीतला म्हणून ज्या एकराचा आजीला धाक वाटायचा, तोही कुठल्या तरी दूरच्या देशातल्या आजीचं आऊतच होतं.

त्याहून मागे गेलं तर माप माणसाच्या अंगावरच होतं. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तो यांनी जमीन मोजवली ती काठीने. पाच हात आणि पाच मुठींची काठी. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा. एकशे वीस बिघ्यांचा चावर, ज्याला पुढे चाहूर म्हणू लागले. बिघ्याचा विसावा भाग पांड. जुन्या इनामपत्रांत ‘अर्धा चाहूर जमीन’ असं वाचताना मला ते पाच हात आणि पाच मुठी दिसतात. कुणाचे हात, कुणाच्या मुठी, यावर भांडणं व्हायला नकोत म्हणून हाताचे तसू, म्हणजे लहान भागही, ठरवून दिलेले होते, चौदा.

माझं सासर रत्नागिरीकडचं. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा सासऱ्यांनी दाखवलं, “हे दोन खंडीचं.” मी शहाण्यासारखं विचारलं, म्हणजे किती गुंठे? त्यांना पटकन सांगता येईना. सातबारा बघावा लागला, आणि सातबाऱ्यावर एवढ्याशा तुकड्याला एकोणीस नावं. खंडी हे भाताचं माप. त्या मळीत, म्हणजे भाताच्या खाचरात, किती भात पिकतं ते तिचं क्षेत्र. डोंगरउतारावरची, पायरीपायरीची जमीन साखळीने मोजून काय कळणार? वरची मळी आणि खालची मळी गुंठ्यांत सारखी असली तरी खालच्या मळीत पाणी थांबतं. खंडीत मोजलं की ते पाणीही मोजलं जातं. पलीकडे गोव्यात मात्र लोक सरळ चौरस मीटरमध्ये बोलतात, आमच्या पुण्यात चौरस फुटांत. भंडारा-गोंदियाच्या बाजूला डिसमिल म्हणतात, म्हणजे एकराचा शंभरावा भाग. माझी तिकडची एक मैत्रीण ‘वीस डिसमिल’ म्हणाली तेव्हा मी वीस गुंठे समजले होते. ते होते आठ.

आता हेक्टर. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये मेट्रिक मापं कायद्याने आली, त्यात जमिनीसाठी आर ठरवला. दहा मीटर बाय दहा मीटर. असे शंभर आर म्हणजे हेक्टर. मीटर ठरवला होता पृथ्वीवरून: ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश. राजाचा हात नको, बैलाचा दम नको, जी धरती सगळ्यांची तीच सगळ्यांचं माप असू दे, हा त्यामागचा विचार मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि यथावकाश सातबाऱ्यावरही उतरली. आमच्या ट्रंकेत तो फेरफार आहे. दशमान परिमाणाप्रमाणे क्षेत्र बदलल्याची एक ओळ, खाली तलाठ्याची सही.

त्या एका ओळीत काय झालं ते मी हाताने मांडून पाहिलं. साडेसात एकर म्हणजे ३०३.५१ आर. कागदावर आले ३०३. जे ०.५१ गळालं ते एक्कावन्न चौरस मीटर, साडेपाचशे चौरस फूट. दोन खोल्यांचं घर उभं राहील एवढी जागा. रान कुठेही गेलं नाही, ते बांधाच्या आतच आहे. फक्त कागदाला ते माहीत नाही. मोजणीचं तंत्र जाणणारा माणूस म्हणेल की शंभर वर्षांपूर्वीच्या साखळीतच याहून जास्त चूक असेल. खरं आहे. तरीही ज्याच्या वाट्याला पाच-सहा गुंठेच आहेत, त्याच्यासाठी आकडा कुठे तोडला हे महत्त्वाचं असतं.

खरा घोळ होतो तो आर आणि गुंठा यांच्यात, आणि तो घरोघरी होतो. आर म्हणजे १,०७६ चौरस फूट, गुंठा १,०८९. फरक तेरा फुटांचाही नाही. म्हणून लोक दोघांनाही गुंठाच म्हणतात, आणि एका-दोन गुंठ्यांत काही बिघडतही नाही. पण सातबाऱ्यावर ०.४० पाहून ‘हा एकर’ म्हणून व्यवहार केला की चाळीस आर मिळतात आणि पैसे जातात चाळीस गुंठ्यांचे. एकर होतो ४०.४७ आरचा. मधले पाचशे चौरस फूट घेणाऱ्याच्या हातून जातात. माझ्या एका सहकारी शिक्षिकेने निवृत्तीच्या पैशांतून जमीन घेताना नेमकं हे झालं. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते: दोन्ही बाजूंनी आधी चौरस मीटर करा. गुंठ्याचे १०१.१७, एकराचे ४,०४६.८६, आरचे १००, हेक्टरचे १०,०००. मग भाव बोला.

आमच्या ओसरीवर दुसराच पेच पडला. सगळे म्हणत होते, सोपं आहे, साडेसातचे तीन वाटे, अडीच-अडीच एकर, म्हणजे एकेक हेक्टर. ‘अडीच एकर म्हणजे हेक्टर’ हे गावात सगळ्यांना पाठ. २००८ च्या कर्जमाफीच्या कागदांतही एक हेक्टरपुढे कंसात अडीच एकर आणि दोन हेक्टरपुढे पाच एकर असंच छापलेलं होतं. पण हेक्टर भरतो २ एकर १८.८४ गुंठ्यांचा. अडीच एकरांचे होतात १.०१ हेक्टर आणि वर थोडं. मी वाटपाच्या कच्च्या कागदावर १.०१, १.०१, १.०१ असं लिहिलं. बेरीज ३.०३. माझ्या दृष्टीने हिशेब संपला होता.

धाकटे काका म्हणाले, “एकच लिही.”

“काका, तुमचा एक आर जातो.”

“जाऊ दे. एक आर धरून बसलो तर मी अत्यल्पातनं उठतो.”

त्यांचं म्हणणं मला कळायला वेळ लागला. एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला तो अत्यल्प भूधारक, एक ते दोन हेक्टरवाला अल्प भूधारक. कुठल्या योजनेत कुणाला आधी घ्यायचं, कुणाला अनुदान जास्त, हे बऱ्याचदा त्या रेषेवरून ठरतं. १.०० असेल तर काका रेषेच्या अलीकडे, १.०१ असेल तर पलीकडे. शंभर चौरस मीटर जमीन, जिच्यात त्यांचा गोठाही पुरता मावत नाही, ती जवळ असण्यापेक्षा नसणं त्यांना परवडत होतं. बरोबर पाच एकर असलेल्या माणसाचंही हेच. तो स्वतःला पाच एकरवाला लहान शेतकरी समजतो आणि भरतो २.०२ हेक्टर. मला याचा राग आला, अजून येतो. एकराने जगणाऱ्या माणसाला हेक्टरच्या रेषेवर उभं करायचं, तर ती रेषा त्याच्या पायाखालची जमीन पाहून आखायला हवी होती.

शेवटी तात्यांनी तोड काढली. तिघांना एकेक हेक्टर. उरलेले तीन आर विहिरीभोवती ठेवायचे आणि ते सामाईक. विहीर तशीही सामाईकच, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या: आठवड्यातले दोन-दोन दिवस प्रत्येकाला, रविवार ज्याचं पीक सुकतंय त्याला. सामाईकात हिस्सा मोजला तर तुमचा एक आर तिथे भरतोच, हे मी काकांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, “बघू तवा.”

मग मी आत्याचं नाव काढलं. ते तीन आर तिच्या नावावर करता येतील का? बैठक थबकली, पण कुणी नको म्हणालं नाही. तात्या म्हणाले, चौकशी कर. केली. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा आला. प्रमाणभूत क्षेत्राहून, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान क्षेत्राहून, लहान तुकडा शेतजमिनीत सहसा वेगळा पाडता येत नाही. तीन आर त्यात कुठेच बसत नाहीत. कायद्यामागचा हेतू मला पटतो. वाटण्या होत होत रानाच्या चिंध्या होतात, औत वळवायला जागा उरत नाही, हे मी सासरच्या एकोणीस नावांत पाहिलं आहे. पण मग मनात आलं, की हक्कसोडावर सही घेताना तिच्या वाट्याचं क्षेत्र कुणी मोजलं होतं का? त्या कागदावर एकर नाही, गुंठा नाही, हेक्टर नाही. नुसतं ‘माझा सर्व हक्क’. सगळ्या घरात एकटीचाच वाटा असा की ज्याला कुठलंच माप लावलेलं नाही. माझं नाव सातबाऱ्यावर आहे. ते कमी करायचं नाही, हे मी त्याच दिवशी आईला सांगितलं. तिने मान हलवली आणि भाकरी उलटली.

मोजणी चैत्रात झाली. भूकरमापक आले ते एक काठी आणि तिच्यावर बसवलेलं यंत्र घेऊन. साखळी नाही, फलक नाही. त्या काठीला रोव्हर म्हणतात. ती बांधाच्या टोकाला टेकवायची, वरच्या उपग्रहांवरून जागा पक्की होते. तात्या त्या तरुण मुलाच्या मागे मागे चालत होते. त्यांनी लहानपणी साखळीची मोजणी पाहिली होती. काकरीतून ओढत नेताना ती लोखंडी साखळी कशी वाजायची, कड्यांत ढेकूळ अडकलं की मोजणीदार कसा ओरडायचा, ते सांगत होते. पूर्वेच्या बांधावर शेजारी उभे होते. हद्दीचा दगड जिथे होता तिथेच निघाला. त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं.

आत्या त्या दिवशी आली होती, बार्शीहून. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखतात. लग्नाआधी आणि नंतर दुष्काळात माघारी आलेली असताना तिने या रानात खुरपलं आहे. बाया ओळीने बसतात, प्रत्येकीच्या वाटची पट्टी ती तिची पात. पात शेवटाला नेली की वळायचं. रान केवढं हे तिला पातींवरून कळतं, आणि किती बायांचं यावरून. वरची पट्टी दहा बायांची, मळा चौदा बायांचा. या मापात तण किती, माती चिकट की भुसभुशीत, ऊन कसलं, सगळं आलेलं असतं. माझ्या चारही आकड्यांत त्यातलं काही येत नाही.

दुपारी सगळे जेवायला गेले. आम्ही दोघी विहिरीच्या काठावर बसलो. रोवलेल्या खुणांकडे बघत तिने विचारलं, “हे मधलं कुणाचं?”

“सामाईक. तीन आर.”

“म्हंजी किती?”

“तीनशे चौरस मीटर.” तिचा चेहरा तसाच. “तीन गुंठ्याला थोडं कमी.”

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून विहिरीच्या कडेने एक फेरी मारली, थांबली, हरळी कुठवर आली आहे ते पाहिलं, पायाने एक ढेकूळ फोडलं.

“एका बाईचं,” ती म्हणाली. “दुपारपातुर हुईल. कांदा असला तर दिस मावळंल.”